ओटी म्हणजे ऑपरेशन नव्हे: पार्किन्सन्समध्ये व्यवसायोपचार नेमकं करतो काय?

डॉक्टरांनी अण्णांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली ‘ओटी’ एवढंच लिहिलं आणि आमच्या घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही. अण्णा म्हणजे माझे सासरे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सासूबाईंनी तर कोरेगावच्या बहिणीला फोन करून सांगितलंही, “ह्यांच्या मेंदूचं ऑपरेशन करायचंय.” तिसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारल्यावर उलगडा झाला. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नाही, ऑक्युपेशनल थेरपी. त्यावर अण्णांनी विचारलं, “म्हणजे आता परत नोकरीला लावणार का मला?”

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. मराठीत या शास्त्राला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात, आणि या नावावरूनही कुणाला काही कळेल असं नाही. दर ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन्स दिनाला, पेपरात लेख येतात. त्यात गोळ्यांवर दोन परिच्छेद असतात, शस्त्रक्रियेवर एक, आणि शेवटी ‘फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीचाही उपयोग होतो’ अशी एक ओळ. त्या ओळीत काय काय असतं ते आम्ही साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात गेली तीन वर्षं बघतो आहोत.

आधी आजाराबद्दल

आपल्या मेंदूत खोल, तळाशी, काळसर रंगाचा एक छोटा पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाल सुरू करणं, ती केवढी मोठी करायची आणि किती वेगाने हे ठरवणं, या कामांना ते लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणं डोळ्यांना दिसेपर्यंत त्यातल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी सहा जणांची निरीक्षणं लिहून काढली, त्यावरून हे नाव पडलं. त्या सहांतले काही जण त्यांनी नुसते रस्त्याने चालताना पाहिलेले होते. म्हणजे हा आजार चालण्यावरून ओळखू येतो, हे तेव्हाच ध्यानात आलं होतं. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवाताचं वर्णन आहे, आणि खाजकुहिलीच्या बियांमध्ये लेव्होडोपा हे द्रव्य निसर्गतःच असतं. आजच्या मुख्य गोळीतही तेच द्रव्य आहे. म्हणूनच डॉक्टरांना न सांगता कवचबीजाची, म्हणजे याच बियांची, पावडर चालू करू नये. एकच औषध दोन बाजूंनी पोटात जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता.

कंप हे याचं प्रसिद्ध लक्षण. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि बोटं तंबाखू मळल्यासारखी हलतात. अण्णांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, त्यामुळे त्यांना याचा फार राग. पण सगळ्यांना कंप असतोच असं नाही. हालचाली मंद होणं, अंग ताठणं, तोल जाणं ही लक्षणं रोजच्या जगण्यात जास्त आडवी येतात. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेची वाट लागणं, मन उदास होणं हेही याच आजाराचे भाग आहेत आणि घरच्यांच्या लक्षात ते सगळ्यात उशिरा येतात.

आता एसटीतला कंडक्टर डोळ्यांसमोर आणा. केळघरच्या घाटात गाडी वळणं घेते आहे, आत उभ्याने माणसं आहेत. हा बाबा कमरेने सीटला टेकून तिकीट फाडतो, सुट्टे मोजतो, ‘मेढा कोण राहिलं?’ ओरडतो आणि पुढे सरकतो. त्याला जर विचारलं, आत्ता डावा पाय कुठे ठेवलास, तर सांगता येणार नाही. पाय आपोआप पडत असतात. हा ‘आपोआप’पणा डोपामिनवर चालतो. पार्किन्सन्समध्ये पहिला जातो तो हाच. ताकद जात नाही, काम कसं करायचं हे ज्ञानही जात नाही, पण जे काम पूर्वी आपोआप व्हायचं त्याला आता प्रत्येक वेळी मुद्दाम हुकूम द्यावा लागतो. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं आहे.

‘व्यवसाय’ म्हणजे नोकरी नव्हे

या शास्त्रात व्यवसाय म्हणजे माणूस सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत स्वतःसाठी आणि स्वतःच्या मर्जीने जे जे करतो ते सगळं. दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, भाकरी थापणं, देवपूजा, पेपर वाचणं, पारावर जाऊन चार लोकांना नावं ठेवणं. यातलं तुम्हाला काय अडतंय, त्यातलं काय परत हवंय आणि ते कोणत्या वेगळ्या रीतीने करता येईल, हे शोधणं म्हणजे व्यवसायोपचार.

मग फिजिओथेरपी वेगळी कशी? ढोबळ मानाने सांगायचं तर फिजिओ बघतो पायाची ताकद, लवचिकता, तोल, चाल. ओटी बघते की त्या पायांनी तुम्ही रात्री दोन वाजता न पडता संडासापर्यंत पोचता का. दोघांची हद्द बऱ्याच ठिकाणी एकमेकांत मिसळते आणि चांगली माणसं त्यावरून भांडत बसत नाहीत. पार्किन्सन्सला दोन्ही लागतात. बोलणं-गिळणं बिघडलं तर स्पीच थेरपिस्टही लागतो.

इथे सातारकरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ शाळेचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असतं. त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन. लग्न करून इकडच्या झाल्या, व्यवसायोपचार शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा त्यांनी सुरू केली. म्हणजे जे शास्त्र आम्हाला ऑपरेशन वाटलं, त्याच्या भारतातल्या आईचं नाव आमच्याच जिल्ह्यातल्या एका शाळेवर आहे. मला हे कळलं तेव्हा थोडी लाजच वाटली.

उंबऱ्याशी पाय चिकटतो तो का?

आमचं घर जुनं आहे. पुढे ओटी, मग उंबरा, मग माजघर. (हो, ही तिसरी ओटी.) अण्णांचा पाय नेमका उंबऱ्याशी अडायचा. जमिनीला गोंद लावल्यासारखा. अंग पुढे जायचं, पाय मागेच. याला गोठणं म्हणतात. दाराची चौकट, अरुंद बोळ, वळण, गर्दी, घाईने वाजणारा फोन अशा ठिकाणी ते हमखास होतं. बघणाऱ्याला वाटतं, माणूस नाटक करतोय. आत्ता तर अंगणात चालत होता!

थेरपिस्ट मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी अण्णांचे हातपाय नंतर तपासले. आधी तासभर नुसत्या बघत बसल्या. अण्णा कुठे अडतात, कधी अडतात. मग त्यांनी विचारलं, “अण्णा सकाळी बाहेर जाताना अडत नाहीत आणि संध्याकाळी अडतात, असं होतं का?” होतं. आम्ही म्हटलं, संध्याकाळी थकतात. त्यांनी गोळ्यांच्या वेळांशी ताडून पाहिलं, त्यात काही बसेना. मग त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. सासूबाई रोज सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळीच्या चार रेघा ओढतात. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, म्हणून अण्णा सकाळी पाय उचलून पलीकडे टाकायचे. दिवसभरात रांगोळी पुसली जायची आणि संध्याकाळी अण्णा अडायचे.

“आई, तुम्ही थेरपी आधीच चालू केली आहे,” मॅडम म्हणाल्या. सासूबाई त्यानंतर आठवडाभर हवेत होत्या.

यामागचं कारण असं. पुणे-बेंगळुरू हायवेवर खंबाटकीत ट्रक आडवा झाला की वाहतूक आतल्या रस्त्याने वळवतात. रस्ता लांबचा, सावकाशीचा, पण माणूस घरी पोचतो. आपोआप चालण्याचा मेंदूतला हायवे पार्किन्सन्समध्ये तुंबतो. डोळ्यांसमोर रेघ आली, कानावर ताल आला किंवा मनात मोठ्याने हुकूम दिला, की मेंदू तेच पाऊल दुसऱ्या रस्त्याने, जाणीवपूर्वक टाकतो. अशा बाहेरच्या खुणेला इशारा म्हणू. सपाट जमिनीवर अडखळणारा रुग्ण जिना मात्र बऱ्याचदा सहज चढतो, याचंही कारण हेच. प्रत्येक पायरी हा एक इशारा असतो.

आता आमच्या उंबऱ्याच्या कडेला पिवळी चिकटपट्टी आहे. माजघरात शहाबादी फरशी आहे, तिचे सांधे ठळक आहेत, तिथे मॅडमनी काहीच करू दिलं नाही. “दर सांध्यापलीकडे पाऊल टाका, झालं.” न्हाणीकडे जाणाऱ्या बोळात नव्या गुळगुळीत टाईल्स आहेत. तिथे मात्र पावलाएवढ्या अंतराने आडव्या पट्ट्या चिकटवल्या. घर सजवणाऱ्यांना आवडणार नाही, पण अण्णा चालतात.

तालाचंही तसंच. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा पावली खेळणारे सत्तरीचे म्हातारे तुम्ही पाहिले असतील. टाळ-मृदंगावर पाय पडतो, मग माणूस वयाला विचारत नाही. अण्णांना मॅडमनी मोबाईलवर ठेका लावून दिला, तर त्यांना तो रुचेना. “हे काय घड्याळ!” मग विचारता विचारता निघालं की तिकिटाचा चिमटा टिकटिक वाजवत पुढे सरकायची त्यांची तीस वर्षांची सवय आहे. आता ते तोंडाने टिकटिक करतात. आणि पाय पूर्ण गोठला की थांबायचं, ढकलायचं नाही, श्वास घ्यायचा, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि मनात म्हणायचं, ‘टिंग टिंग’. डबल बेल. गाडी निघते.

प्रत्येक वेळी निघते का? नाही. दहातल्या सात-आठ वेळा, आमच्या घरचा हिशेब. आणि दुसऱ्या कुणाला डबल बेलने काही होणार नाही, त्याला भजनाचा ठेका लागेल किंवा लेझमीचा. म्हणूनच हे काम छापील व्यायामाच्या कागदावर भागत नाही.

चालकाशी बोलू नये

एसटीत पाटी असते, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. पार्किन्सन्सच्या घरात ती पाटी लावायला हवी. चालणं जाणीवपूर्वक करायचं म्हटलं की लक्ष त्यात गुंततं. त्याच वेळी तुम्ही “अण्णा, दुधाचे पैसे दिले का?” विचारलंत, तर लक्ष पैशाकडे जातं आणि पाय थांबतो. हातात पाण्याचा तांब्या असेल तरी तेच. आम्ही घरात ठरवलं आहे, अण्णा चालत असताना कुणी हाक मारायची नाही. बोलायचं असेल तर ते आधी उभे राहतात, मग उत्तर देतात. वळतानाही जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, एसटीला वळायला लागते तशी जागा घेऊन मोठं वळण घ्यायचं.

न्हाणी, अंथरूण, ताट, बटण

व्यवसायोपचाराचं खरं काम इथे चालतं, आणि ते इतकं साधं दिसतं की लोकांना त्याचे पैसे द्यायला जिवावर येतं.

न्हाणीपासून सुरुवात करू, कारण पडण्याची भीती तिथे सगळ्यात जास्त. पाटावर बसून, वाकून तांब्याने पाणी घ्यायची आपली पद्धत पार्किन्सन्सला अजिबात मानवत नाही. आमच्याकडे आता रबरी बुडाचं प्लॅस्टिकचं उंच स्टूल आहे, बादलीही दुसऱ्या स्टुलावर आहे. तांब्याऐवजी कानाचा मग. भिंतीत पक्का बसवलेला आडवा दांडा आहे. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नये, ती भिंतीतून सुटून माणसासकट खाली येते. (आमची आली.) आतून कडी लावायची नाही, हे अण्णांना पटायला तीन महिने लागले. शेवटी मॅडमनीच दारावर फिरवायची पाटी करून दिली, ‘रिझर्व्ह’ आणि ‘खाली’.

अंथरुणातून उठणं ही दुसरी लढाई. जड वाकळ आणि खडबडीत चादर यांत ताठलेलं अंग कुशीवर वळत नाही. चादरीच्या मधल्या पट्ट्यात, कमरेखाली, सॅटिनसारखं गुळगुळीत कापड शिवून घेतलं की वळणं सोपं जातं. कडेपर्यंत मात्र ते आणायचं नाही, नाहीतर माणूस घसरून खाली. मग क्रम पाठ करायचा: गुडघे वर, मान वळव, हात पलीकडे, गुडघे पलीकडे, पाय खाली सोड, हाताने उठ. एकदम ‘उठा’ म्हटलं तर मेंदूला झेपत नाही, तोच हुकूम सहा तुकड्यांत दिला तर झेपतो. आणि बसल्यावर दोन मिनिटं थांबायचं. या आजारात आणि त्याच्या गोळ्यांमुळेही उभं राहताच रक्तदाब खाली येऊ शकतो.

खुर्चीतून उठण्याचा मंत्र असा: कडेवर सरका, पाय मागे घ्या, नाक पायाच्या बोटांपुढे न्या, पुढे-मागे झुलून तिसऱ्याला उठा. खोल, मऊ सोफा मात्र पाहुण्यांसाठी ठेवा.

जेवताना ताट उंच ठेवलं आणि कोपर टेबलावर टेकवलं की हात कमी हलतो. वरणभात हाताने कालवून खाणं बऱ्याच जणांना चमच्यापेक्षा सोपं जातं, तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून चमचा हातात देऊ नका. उलट चमच्याने सोपं जात असेल तर जाड मुठीचा घ्या. साध्या चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलचा रबरी ग्रिप चढवला तरी काम भागतं. वजनदार चमच्यांची इंटरनेटवर बरीच जाहिरात असते. काहींना फरक पडतो, काहींचा हात उलट दुखतो, तेव्हा आधी कुणाचा तरी आणून बघावा. चहा बशीत ओतून पिणं अण्णांनी सोडलं आहे. अर्धा भरलेला झाकणाचा मग. “चहाला चव नाही,” हे रोजचं.

कपड्यांसाठी शिंप्याकडे एक फेरी पुरते. शर्टाची बटणं वरून तशीच दिसतात, आतून वेल्क्रोची पट्टी. लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक. बसूनच कपडे घालायचे आणि जास्त ताठ असलेला हात बाहीत आधी घालायचा. आमच्या शेजारच्या काकूंना पार्किन्सन्स आहे, त्यांची अडचण होती नऊवारीची. त्यांना मॅडमनी शिवलेली नऊवारी सुचवली. काकू म्हणाल्या, “ती तमाशातल्या बायकांची.” मग गाऊन नको, साडीच हवी, यावर दोन भेटी गेल्या. शेवटी सहावारी, निऱ्या आधीच शिवून त्यावर हुक. माझ्या मते या दोन भेटी वाया गेल्या नाहीत. काकूंना काय नेसायचं आहे, हाच तर उपचाराचा विषय होता.

अक्षर बारीक होत जाणं हेही याच आजाराचं लक्षण. ओळीच्या सुरुवातीला बरं असतं, शेवटी मुंगीएवढं. माणसाला स्वतःला ते मोठंच वाटतं. इथेही रेघेचा इशारा चालतो. पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणायची आणि दोन्ही रेघांना टेकवून लिहायचं. सही जुळत नाही म्हणून बँकेत अडायच्या आधीच नमुना सही बदलून घ्यावी, हा आमचा उशिरा आलेला शहाणपणा.

गोळी आणि घड्याळ

लेव्होडोपाची गोळी लागू असते तेव्हा अंग मोकळं असतं. तिचा अंमल उतरला की अंग पुन्हा ताठतं. आजार जुना होतो तसा हा चढउतार जाणवायला लागतो. ओटी तुम्हाला आठवडाभर वही ठेवायला लावते: गोळी किती वाजता, अंग कधी सुटलं, कधी आवळलं. मग आंघोळ, फिरणं, बँक ही कामं मोकळ्या वेळात बसवायची. अण्णा याला ‘वेळापत्रक’ म्हणतात आणि गाडी पाच मिनिटं लेट झाली तरी ओरडतात. त्यांचं बरोबर आहे. गोळी ‘जेवणानंतर कधीतरी’ घ्यायची नसते. प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. म्हणून सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला सांगतात. तुमची वेळ तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

“गोळ्या आहेत, मग हे कशाला?”

गोळ्या हव्यातच. त्यांच्याशिवाय यातलं निम्मंही जमणार नाही. पण तोल, गोठणं, एका वेळी दोन कामं या बाबतीत गोळ्या तोकड्या पडतात, आणि मेंदूत तारा बसवायच्या शस्त्रक्रियेनेही या तक्रारी कंपाइतक्या हटत नाहीत. गोळी आंघोळीची बादली स्टुलावर ठेवत नाही.

“याने आजार बरा होतो का? पुरावा काय?”

बरा होत नाही. ओटीने आजार थांबतो असं कुणी सांगितलं तर पैसे परत मागा.

पुराव्याबद्दल सरळ सांगते, कारण इथे दोन उलट निष्कर्ष आहेत. नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. १९१ रुग्ण, थेरपिस्ट घरी जाऊन दहा आठवडे काम करत होते, काळजी घेणाऱ्या घरच्या माणसालाही सामील करून घेतलं होतं, आणि कामं रुग्णांनी स्वतः निवडलेली. ती कामं आपल्याला किती जमतात याला रुग्णांनी दिलेले गुण वाढले. दोनच वर्षांनी, २०१६ साली, ब्रिटनचा अभ्यास आला. ७६२ रुग्ण, आजार सौम्य ते मध्यम, फिजिओ आणि ओटी मिळून. तीन महिन्यांनी रोजच्या कामांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

मग खरं कुणाचं? ब्रिटनमध्ये आठ आठवड्यांत साधारण चारच भेटी झाल्या होत्या, सौम्य आजाराचे लोकही त्यात होते. मला यातून एवढंच कळतं: ज्याला अजून काही अडत नाही त्याला चार भेटींत फार काही देता येत नाही. ज्याचा पाय ठरावीक उंबऱ्याशी अडतो, त्याच्या त्या उंबऱ्यावर काम केलं तर फायदा दिसतो. तरी नेदरलँड्समधले गुण रुग्णांनी स्वतः दिलेले होते, हे विसरू नये.

“घरात माणसं आहेत ना करायला?”

हा आक्षेप सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक. “तुम्ही बसा, मी घालते बटणं.” सकाळी डब्यांची घाई असते, अण्णांना शर्टाला बारा मिनिटं लागतात, मला एक. पहिलं वर्षभर मीच घालत होते. वर्षाने त्यांना दोन बटणंही जमेनाशी झाली. त्यातलं आजाराने किती गेलं आणि माझ्या मदतीने किती, हे मला अजून टोचतं. मॅडमनी तोडगा काढला: शर्ट आदल्या रात्री खुर्चीवर, वेल्क्रो, आणि गोळीनंतर पाऊण तासाने. आता सहा मिनिटं लागतात. कॉलरचं मी लावते.

दुसऱ्या टोकाचंही ऐकून ठेवा. “स्वतःचं स्वतः करा, सवय राहील,” म्हणून दमलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं ही थेरपी नाही. कधी करू द्यायचं आणि कधी हात पुढे करायचा हे ठरवणं कठीण आहे, आणि ते शिकायला सासूबाईंना जितक्या भेटी लागल्या तितक्या अण्णांनाही लागल्या नाहीत.

“एवढ्यासाठी पुण्या-मुंबईला जायचं?”

ओटी फिजिओइतके गल्लोगल्ली मिळत नाहीत, हे खरं आहे. पण दर आठवड्याला लागतही नाहीत. सुरुवातीला काही भेटी, मग अडचण बदलली की पुन्हा. सांगली-मिरजेकडे मोठे दवाखाने बरेच आहेत, तिथे मेंदूविकार विभागात विचारावं. घरी येणं जमत नसेल तर मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढून न्या: न्हाणी, उंबरा, पलंग, जिना, आणि माणूस नेमका अडतो तो क्षण. दवाखान्याच्या मोकळ्या, सपाट, चकचकीत व्हरांड्यात पार्किन्सन्सचा रुग्ण बऱ्याचदा छान चालतो आणि डॉक्टरांसमोर तुम्ही खोटे पडता. आम्ही एका ठिकाणी असेच खोटे पडलो होतो, “चालतात की चांगले!” म्हणून.

थेरपिस्टची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारायला संकोच करू नका. फिजिओ आणि ओटी दोघांसाठी महाराष्ट्रात मिळून एकच परिषद आहे. पहिल्याच भेटीत “तुम्हाला काय करायचं आहे?” असं न विचारता थेट व्यायामाचा कागद हातात दिला, तर दुसरा शोधा, हे माझं वैयक्तिक मत. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळही मराठीत भरपूर माहिती देतं.

आणखी एक, बहुतेकांना ठाऊक नसलेलं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. बऱ्याच सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. अण्णांनी आधी नकार दिला. एसटीच्या तिकिटात सवलत आहे म्हटल्यावर म्हणाले, “मी आणि सवलतीचं तिकीट? मी फाडत होतो ती.” पण फॉर्म भरला.

पुढे बिघडलं की?

बिघडतंच. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी मॅडमना सांगितलेली कामं होती: राजवाड्यापर्यंत चालत जाऊन पेपर आणणं आणि येताना मित्राकडे बसणं. ते दीड वर्ष जमलं. आता पेपर घरी येतो आणि मित्र इकडे येतात. ओटीच्या वहीत जुनं काम खोडून नवं लिहितात, त्याला कुणी नापास म्हणत नाही.

मागच्या महिन्यात मॅडमनी पुन्हा विचारलं, “अण्णा, आता काय करायचं?” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नातीच्या लग्नात अक्षता टाकायच्यात. मुलीच्या डोक्यावर पडल्या पाहिजेत, पुढच्या पाहुण्याच्या टकलावर नाही.”

मूठ वळणं, हात खांद्याच्या वर नेणं, योग्य क्षणी बोटं उघडणं. पार्किन्सन्समध्ये शेवटचं सगळ्यात अवघड, मूठ सुटतच नाही. मॅडमनी ‘सावधान’ हाच इशारा धरला: पुरोहित शब्द लांबवतात तेवढ्यात हात वर, आणि ‘न’ला मूठ उघडायची. रोज संध्याकाळी ओटीवर पेपर पसरून सराव चालतो. मंगलाष्टकं सासूबाई म्हणतात, नवरी म्हणून भिंतीला टेकवलेली छत्री. काल बारा मुठींतल्या पाच छत्रीवर पडल्या. लग्न मार्गशीर्षात आहे.